कायद्याचं सुतक

महिपत सुतार तुरुंगात जायला निघाला तो वैशाखातल्या एका पहाटे, डोक्याला धुतलेला फेटा बांधून. कुणी त्याला पकडलं नव्हतं, कुणी बोलावलंही नव्हतं. पण वारंट आज ना उद्या येणार हे ठरलेलंच होतं. मग चारचौघांदेखत दोरी लावून घेण्यापेक्षा आपणच रत्नागिरीच्या कोर्टात जाऊन उभं राहावं, कामाची बोली मी मोडली म्हणून सांगावं, दोन-तीन महिने काय असतील ते भोगावेत आणि मोकळं व्हावं, असा त्याचा बेत होता. तुरुंग भोगला की बोली फिटते, अशी जयगडात सगळ्यांची पक्की समजूत. ही समजूत कुठून आली ते कुणालाच सांगता येत नसे, आणि म्हणूनच तिच्याबद्दल कुणाला शंका नव्हती.

राहीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, गाठोडं बांधलं. दोन पंचे, एक घोंगडी, नाचणीच्या भाकऱ्या आणि महिनाभर पुरेल इतकं सुकट.

"सुकट खाली लपवून ठेवा," ती डोळे पुसत म्हणाली. "नायतर शिपाय काढून घेतील."

"तुरुंगात जातू गो मी, माह्यारपणाला नाय."

"म्हणून काय भुकं मरायचं?"

ओटीवर महिपतचा बाप गंगाराम बसला होता. त्याला यातलं काही सांगितलं नव्हतं. रत्नांग्रीला खिळे आणायला जातू, एवढंच महिपत बोलला. म्हाताऱ्यानं गाठोड्याकडे पाहिलं. वैशाखात खिळे आणायला घोंगडी कशाला लागते, हे त्यानं विचारलं नाही. तो उठला आणि मागल्या दारानं बाहेर निघून गेला.

या मागल्या दाराचं सांगायला हवं, आणि त्यासाठी आधी वाकशीचं.

जयगडच्या खाडीकाठी गलबत बांधायची एक रीत होती. कणा मांडायच्या दिवशी मालक सुताराला नारळ आणि उचल द्यायचा, आणि सुतार आपली वाकस मालकाच्या देव्हाऱ्याखाली नेऊन ठेवायचा. वाकस म्हणजे लाकूड तासायचं हत्यार. बापाच्या हातून मुलाच्या हातात आलेली, दांड्याला बोटांचे खळगे पडलेली अशी ती एकच असते. काम दुसऱ्या वाकशीनं करायचं, आणि ही मालकाच्या घरात. गलबत तरंगलं की मालक सुताराला फेटा बांधून ती परत देई. रीत दिसायला देखणी होती, पण तिच्या पाठीशी सरकारचा एक कायदा काठी घेऊन उभा होता. लोक त्याला उचलीचा कायदा म्हणत. उचल घेऊन काम टाकलं तर मालकानं फिर्याद करायची, कोर्टानं सुताराला कामावर परत धाडायचं, आणि तो गेला नाही तर तुरुंगात घालायचं. मालकानं बोली मोडली तर त्याच्यासाठी असली काठी कुठे आहे, हे कुणी विचारलं नाही. भरती का येते, हे तरी कोण विचारतं?

वीस वर्षांपूर्वी गंगाराम असंच एक गलबत बांधत होता. मध्येच महिपतची आई बाळंतपणात अंथरुणाला खिळली, म्हणून तो काम टाकून तिच्यापाशी बसला. पाचव्या दिवशी शिपाई अंगणात आला आणि त्यानं हाक मारली, "गंगाराम हाय काय घरात?" गंगाराम पुढल्या दारानं बाहेर आला आणि तिथंच त्याच्या हाताला दोरी लागली. सही करून कामावर परत जा, असं कोर्टानं सांगितलं. बायको तशी पडलेली असताना तो नाही म्हणाला. दोन महिन्यांनी सुटून आला तेव्हा घरात आठ वर्षांचा महिपत आणि शेजारीण एवढीच होती. वाकस मालकाच्या घरी राहिली ती राहिलीच. तेव्हापासून अंगणातून कुणीही हाक मारली, मग तो पोस्टमन असो की भाजीवाली, की गंगाराम मागल्या दारानं बाहेर पडायचा आणि माणूस जाईपर्यंत माडाखाली उभा राहायचा. घरात त्यावर कुणी बोलत नसे.

आणि आता, सन एकोणीसशे सव्वीसमध्ये, महिपतनं बोली मोडली होती. गलबत आत्मारामशेठचं. वीस वर्षांपूर्वीचं ते शेठच्या बापाचं होतं. पावसाळ्याआधी आंब्याच्या पेट्या भरून मुंबईला एक फेरी मारायचीच, या घाईत शेठनं एका मोडीतल्या गलबताच्या फळ्या आणल्या. त्यातली एक पाण्याखाली बसायची होती. महिपतनं तिच्यावर बोटाची गाठ आपटली. आवाज पोकळ आला. पटाशी लावली तर ती लोण्यात जावी तशी आत गेली.

"वरनं तेल चोप, डामर भर, आणि ठोक," शेठ म्हणाला.

"शेठ, ह्या फळीवर बसून तुमी जाल काय मुंबईला?"

शेठ चार गलबतांचा मालक, पण जन्मात एकदाही तो मुंबईला पाण्यातून गेला नव्हता. खाडी ओलांडायची म्हटलं तरी त्याच्या पोटात ढवळायचं. महिपतचा प्रश्न त्याला वर्मी लागला.

"ठोकायची ठोक, नाहीतर तुझ्या बापाची तुरुंगातली खोली रिकामी असेल तिथं जाऊन बस," तो म्हणाला.

महिपतनं पटाशी पुसली, कमरेला खोचली आणि घरी आला. अकरा खलाशी त्या गलबतावर जायचे होते. त्यातल्या सहांना तो नावानं ओळखत होता.

*

पहाटेच्या वाऱ्यावर सुटणाऱ्या मचव्यात तो चढला आणि पाहतो तर पुढल्या टोकाला, नाळेपाशी, आत्मारामशेठ बसलेला. हातात गुंडाळलेला कागद. गावच्या मास्तरांकडून लिहून घेतलेली फिर्यादच ती. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनीही तोंडं फिरवली. गाठोडं पाहून शेठला काय ते कळलं असावं. फिर्यादी आणि आरोपी एकाच मचव्यात, एकाच भाड्यानं, एकाच कोर्टात निघाले होते.

मोकळ्या समुद्रात आल्यावर मचवा डोलायला लागला. शेठचा चेहरा आधी पिवळा पडला, मग हिरवट. तो कठड्याकडे धावला आणि त्याचा तोल गेला. महिपतनं काही विचार न करता त्याच्या धोतराचा कासोटा धरला आणि दुसऱ्या हातानं कपाळ. पोट रिकामं होईस्तोवर तसाच धरून ठेवला. मग पाण्याचा तांब्या पुढे केला.

"फिर्याद भिजली नाय ना, शेठ?"

"नाही," शेठ कण्हत म्हणाला.

"मंग बरा झाला."

यात टोमणा नव्हता. कागद भिजला असता तर महिपतचीच खेप फुकट गेली असती.

मिरकरवाड्याच्या बंदरात उतरून दोघे चढण चढले. पुढे शेठ, वीस पावलं मागे महिपत. कोर्टाच्या दाराशी आल्यावर मात्र महिपत तिथंच थबकला. उंच खिडक्या, आत पंखा ओढणारा माणूस, आणि भिंतीला लागून जाडजूड पुस्तकांनी भरलेली कपाटं. एवढी पुस्तकं! प्रत्येक पुस्तकात कायदे, आणि प्रत्येक कायद्यात कुणा ना कुणाच्या हाताची दोरी. माणूस जन्मल्यापासून मरेपर्यंत जे जे करतो त्या सगळ्याला यात कुठेतरी एक पान असेल, असं त्याला वाटलं.  देवळाच्या गाभाऱ्यातसुद्धा त्याला इतकं लहान वाटलं नव्हतं.

मॅजिस्ट्रेट बारीक चणीचे, चष्मा लावणारे गृहस्थ होते. त्यांच्या बाजूला बसलेल्या म्हाताऱ्या कारकुनानं शेठची फिर्याद वाचून दाखवली.

"आरोपी गावीच असेल ना?" मॅजिस्ट्रेटनी विचारलं.

"नाय सायब," महिपत दारातून म्हणाला. "हा मी."

"तुम्हाला समन्स मिळालं?"

"नाय. मी आपला सवताच आलू. गुन्हा कबूल हाय. घोंगडी पन आनलीय."

पंखा ओढणारा हसला. मॅजिस्ट्रेट हसले नाहीत. ते काही वेळ महिपतच्या गाठोड्याकडे बघत राहिले. मग शेठकडे वळले.

"फिर्याद कुठल्या कायद्याखाली केलीत?"

"उचलीच्या कायद्याखाली, साहेब. वडिलांच्या वेळेपासून चालत आलाय."

"वडिलांच्या नव्हे, आजोबांच्या वेळेपासून. अठराशे एकोणसाठ सालचा." मॅजिस्ट्रेटनी कारकुनाला खूण केली. कारकून उठला, कपाटातून एक जाड पुस्तक काढलं, टेबलावर उघडलं. "तो कायदा आता नाही."

"नाही म्हणजे?" शेठनं विचारलं.

"रद्द झाला. एक एप्रिलपासून. सव्वा महिना झाला."

 पंख्याची दोरी तेवढी कुरकुरत होती. महिपतला शब्द कळले, पण ते कुठे ठेवावेत ते कळेना. कायदा नाही. म्हणजे कुठे गेला? समुद्र नाही, असं कुणी सांगितलं असतं तर माणूस निदान वळून बघू शकला असता. याच्यात बघायचं कुठे?

"मेला म्हना की," त्याच्या तोंडून गेलं.

"मेलाच म्हणा," कारकून म्हणाला.

"कुनी मारला?"

"दिल्लीच्या असेंब्लीत लोकांनी बसून चर्चा केली, मतं दिली, आणि केला रद्द. गॅझेटात छापून आलं होतं."

गॅझेट जयगडला कशाला येतंय? जयगडला बातम्या येत त्या मचव्यातून, आणि मचव्यात कायदा मेल्याची बातमी कुणी भरली नव्हती. पण महिपतला ते सुचलं नाही. तो वेगळ्याच ठिकाणी अडकला होता.

"मान्सांनी रद्द केला?" त्यानं विचारलं. "मंग केला व्हता कुनी?"

"माणसांनीच."

महिपतनं जवळच्या बाकाचा आधार घेतला. बापाच्या हाताला दोरी लावणारी ती वस्तू कुणीतरी बसून बनवली होती, सुतार खुर्ची बनवतो तशी, आणि आता कुणीतरी ती मोडली होती. वीस वर्षं ते घर ज्याला आभाळासारखं मानत आलं, ते माणसाच्या हातचं काम निघालं. त्याला भीती वाटली, आणि भीतीच्या आत खोलवर इतका आनंद वाटला की त्यानं बाक आणखी घट्ट धरला.

"बगू काय?" त्यानं हळूच विचारलं. "मला वाचता येत नाय. नुस्तं बगतू."

कारकुनानं मॅजिस्ट्रेटांकडे पाहिलं आणि पुस्तक फिरवलं. पान छापील होतं, जुनं, कडा पिवळ्या पडलेल्या. त्याच्यावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तांबड्या शाईची एक रेघ मारलेली.

"मीच मारली," कारकून म्हणाला. "पट्टी लावून. त्या दिवशी अशा सात-आठ मारल्या असतील."

महिपतनं रेघेकडे पाहिलं. लाकडावर गेरूची दोरी मारली की अशीच रेघ उमटते, आणि तिच्यावरून करवत चालवायची असते. रेघ सरळ होती. कुठेही हात हलला नव्हता. त्यानं बोट पुढे केलं, पण लावलं नाही.

शेठला घाम फुटला होता. "साहेब," तो म्हणाला, "मग उद्या कोणीही उठून काम टाकून जाईल. मालकानं करायचं काय? माणूस थांबणार कसा?"

"तुमची उचल राहिली असेल ती दिवाणीत मागा. तो हक्क कुणी काढून घेतलेला नाही. पण पैसे मागता येतात, माणूस मागता येत नाही. कामावरून गेला म्हणून त्याला तुरुंगात घालायला मला आता आधार नाही." मॅजिस्ट्रेटनी चष्मा काढून पुसला. "आणि थांबवायचं कसं म्हणता? काम काय, किती दिवसांचं, मजुरी केव्हा, हे आधी नीट ठरवा. लिहून ठेवलंत तर दोघांच्याही सोयीचं. आणि मध्येच माणूस जातो म्हणाला, तर का जातोस ते विचारा. हा का गेला?"

शेठ जमिनीकडे बघायला लागला.

"तुम्ही सांगा," मॅजिस्ट्रेट महिपतला म्हणाले.

तुम्ही! समन्सचं विचारतानाही साहेब तुम्हीच म्हणाले होते, हे महिपतच्या आत्ता ध्यानात आलं. सरकारी माणसानं त्याच्या घरातल्या कुणालाही आजवर तुम्ही म्हटलं नव्हतं.  "फळी कुजकी व्हती," एवढंच तो बोलला.

"मग घरी जा."

"आनि घोंगडी?"

"तीही न्या."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी परतीचा मचवा मिळाला. या खेपेला वारा पडलेला, मचवा वल्ह्यांवर चाललेला, समुद्र तेलासारखा शांत, तरी शेठ डोळे मिटून बसला होता. रात्री धर्मशाळेत त्याला झोप लागली नसावी. महिपतला तरी कुठे लागली होती? त्यानं भाकरी सोडली, सुकट काढलं, आणि अर्धं शेठपुढे सरकवलं.

"महिपता," शेठ बऱ्याच वेळानं म्हणाला. मग थांबला. हुकूम सोडायची त्याला सवय, फार तर दम द्यायची. विचारायचं कसं, ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्यानं भाकरीचा तुकडा हातात फिरवला. "गलबत अर्धवट पडलंय रे. येशील काय?"

येशील काय. महिपतनं शेठकडे वळून पाहिलं. हा प्रश्न होता. याला नाही म्हणता येत होतं. नाही म्हणून घरी जाऊन जेवता येत होतं, आणि दारात कुणी शिपाई येणार नव्हता. एवढी मोठी गोष्ट एवढ्याशा मचव्यात कशी मावली, याचंच त्याला नवल वाटलं.

"फळी?"

"नवी आणतो. सागाची. फेरी चुकली तर चुकली."

"मजुरी दर आठवड्याला. आनि उचल माज्या अंगावर हाय ती त्याच्यातनं कापा."

"बरं."

"आनि वाकस."

"तुझी वाकस उद्याच धाडतो. गलबत तरंगायची वाट नको."

"माजी नाय," महिपत म्हणाला. आपण हे बोलतो आहोत यावर त्याचाच विश्वास बसत नव्हता. "माज्या बापाची. तुमच्याकडं वीस वरसं हाय. धाडायची नाय. तुमी घरी येऊन त्याच्या हातात द्यायची."

 शेठनं उरलेली भाकरी खाल्ली.

महिपत घरी पोचला तेव्हा राही विहिरीवर होती. तिनं गाठोडं पाहिलं, घोंगडी पाहिली, आणि घागर तिथंच टाकून धावत आली. ओटीवर बसून महिपतनं सगळं सांगितलं. गंगाराम खांबाला टेकून ऐकत होता. 

"मेला?" त्यानं मग विचारलं.

"व्हय बा."

"कंदी?"

"येप्रिलच्या पैल्या तारखेला. सव्वा म्हयना झाला."

म्हाताऱ्यानं बोटांवर काहीतरी मोजलं. "सुतक धरलान काय कुनी?"

राहीला हसू आलं होतं, पण सासऱ्याचा चेहरा पाहून तिनं ते गिळलं.

"नाय बा. कोन धरनार?"

"दहा दिस उलटून गेले. आता नुस्ती आंगोळ," गंगाराम म्हणाला आणि उठला.

"आवो मामंजी, दुस्मनाची कसली आंगोळ करताव?" राही म्हणाली.

"वीस वरसं घरात व्हता गो. माज्या ताटात जेवला, माज्या हातरुणात झोपला. घरचाच झाला."

तो विहिरीवर गेला, अंगावरच्या पंच्यासकट त्यानं डोक्यावर घागर ओतली, मग दुसरी, मग तिसरी. महिपत रहाटाला हात लावायला पुढे झाला, तर त्यानं हातानं दूर सारलं. पाणी त्याच्या तोंडावरून वाहत होतं. त्यात रडणं किती ते कळायला मार्ग नव्हता, आणि महिपतनं बघितलंही नाही.

तिसऱ्या प्रहरी अंगणात वहाणा वाजल्या. आत्मारामशेठ एकटाच आला होता. खांद्यावरच्या उपरण्यात त्यानं काहीतरी गुंडाळून छातीशी धरलं होतं. दोन दांडे बाहेर आले होते, एक नवा, महिपतच्या वाकशीचा, आणि एक जुना, बोटांचे खळगे पडलेला.

"गंगाराम आहे काय घरात?" त्यानं हाक मारली.

वीस वर्षांमागचेच शब्द होते, जवळजवळ तसेच्या तसे. शेठला ते ठाऊक असायचं कारण नव्हतं. महिपत दारातच थिजला. आत गंगाराम उठला आणि सवयीनं मागल्या दाराकडे वळला. चार पावलं गेला, कडीला हात घातला. कडी वाजली.

मग ती वाजायची थांबली.

"राहे," आतून त्याचा आवाज आला, "मी आंगोळ केली न्हवं?"

"व्हय मामंजी. केलीत."

म्हाताऱ्यानं कडीवरचा हात काढला, ओला पंचा नीट खोचला, आणि माजघरातून, ओटीवरून, महिपतच्या खांद्याला धरून तो पुढल्या दारात येऊन उभा राहिला. ऊन डोळ्यांवर येत होतं. त्यानं हाताची झापड केली आणि अंगणात पाहिलं.

"हाय," तो म्हणाला. "घरातच हाय. या."